डावा भांग आणि टोपवाल्याचा ब्राउझर

वारा सकाळपासून कोरडा होता, आणि कोरडा वारा म्हणजे टोपवाल्याच्या मुळावर. अशा हवेत केस अंगात आल्यासारखे वागतात. जुडीतून एक ओढावा तर चार उठून उभे राहतात, बोटाला चिकटतात, बाहीला चिकटतात, आणि सुईच्या आकड्यात मात्र काही केल्या येत नाहीत. टोपवाल्याने खिडकी लावून घेतली, मांडीवर ओलं फडकं पसरलं, आणि लाकडी मुंडक्यावर ताणलेल्या जाळीत एकेक केस गाठ मारून बसवायला घेतला.

खोट्या केसांचे टोप करणं हा त्याचा धंदा. बापाचाही तोच. बापाने नाटकवाल्यांच्या दाढीमिशा केल्या, याच्याकडे खरी माणसं येत. कुणाचे केस औषधांनी गेलेले, कुणाचे वयाने, कुणाचे कशाने गेले ते डॉक्टरलाही न कळलेले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्या मागे पडदा, पडद्याआड आरसा आणि खुर्ची, आणि त्याही मागे स्वयंपाकघर, जिथून बायको सगळं ऐकायची आणि काही ऐकलं नाही असं दाखवायची.

बापाने सुई हातात देतानाच धंद्याची रीत सांगितली होती. गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही. रस्त्यात दिसलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, त्याने दाखवली तर हवापाण्याचं बोलायचं आणि सुटायचं. फोन गिऱ्हाइकाने करायचा, आपण नाही. फळीवर प्रत्येकाच्या मापाचं लाकडी मुंडकं असायचं, तोंड भिंतीकडे, आणि मानेवर खडूने टोपणनाव. एक ‘चांदी’, एक ‘शिट्टी’, एक ‘घाईत’. आणि एक ‘डावा भांग’.

बायको म्हणायची, ‘तुमच्या पोटातलं काही काढायचं तर ऑपरेशनच करावं लागेल.’

टोपवाल्याला हे ऐकून बरं वाटायचं. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतो.

तर त्या सकाळी जाळी संपत आली म्हणून तो सुई बाजूला ठेवून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरशी जाऊन बसला. जाळी आणि केस विकणाऱ्याचं दुकान फार लांब, मागवायचं ते इंटरनेटवरूनच. त्याने ‘केसांची’ एवढं लिहिलं, आणि खाली एक यादी उलगडली. पहिली ओळ त्याची होती, ‘केसांची हलकी जाळी’. दुसरी त्याची नव्हती. ‘केस खोटे आहेत हे कसं ओळखावं’.

टोपवाला ते वाचून हसला. हे त्याला विचारायचं म्हणजे माशाला पोहायचं विचारण्यासारखं. पण मग हसू थांबलं. हे विचारलं कुणी? या खोलीत या यंत्राला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्याने ‘केसांची’ पुसलं, आणि नुसतंच खोडसाळपणे ‘गु’ लिहिलं. ‘गुडघे दुखत असल्यास बसल्या बसल्या व्यायाम’. त्याचे गुडघे ठणठणीत होते. ‘ग’ लिहिलं. ‘गणित सातवी अपूर्णांक’.

त्याची नजर पानभर फिरली. वर कोपऱ्यात नखाएवढं गोल चित्र होतं. इतके दिवस त्याला ती नुसती शोभा वाटत होती. चष्मा कपाळावर सरकवून तो कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बघायला लागला. चित्रात एक बाई होती. दाट केस, डावा भांग.

आता मागचं सांगायला हवं. या कॉम्प्युटरवर आधी एक जुना ब्राउझर होता. इतका संथ, की पान उघडायला सांगून टोपवाला दहा-वीस गाठी मारून यायचा तरी चित्राचं अर्धं कपाळच दिसत असायचं. मध्येच तो चौकटी दाखवायचा, हे मान्य आहे का, ते चालेल का. टोपवाल्याने अनुभवाने एक शिकून ठेवलं होतं : हो म्हणायचं. नाही म्हटलं की तो अडून बसतो, हो म्हटलं की पुढे सरकतो. पुढे जाळीवाल्याचं पान त्या ब्राउझरवर उघडेनाच, तेव्हा जावई धावून आला. जावई कचेरीत कॉम्प्युटरचं काम करायचा आणि सासऱ्याच्या घरी आला की त्याला काही ना काही दुरुस्त केल्याशिवाय जेवण जायचं नाही. त्याने नवाकोरा ब्राउझर आणून बसवला.

‘बाबा, आता बघा. बोट उचलायच्या आत पान हजर.’

आणि खरंच होतं. आठवडाभर सगळं भुर्रकन. मग यंत्राच्या पोटातला पंखा मिक्सर लावल्यासारखा ओरडायला लागला आणि मागची बाजू इतकी तापायला लागली, की टोपवाला धुतलेले टोप वाळायला तिथेच ठेवायचा. दुसरं काही चालू करावं तर सगळं गोठून जायचं. पण जावयाने बसवलेल्या गोष्टीला नावं कशी ठेवायची? मुलगी होती त्याच्या घरी. टोपवाला म्हणायचा, छान आहे, टोप लवकर वाळतात.

डावा भांग याच दिवसांत आली होती दुसऱ्या टोपाचं सांगायला. पहिला टोप ती वर्षभर वापरत होती. डोक्यावरचे केस गोल गोल चकत्यांनी गेलेले, आणि चकत्या वाढत वाढत एकमेकींना मिळालेल्या. घरात कुणाला पत्ता नव्हता. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मुलाला नाही. रात्री डोकं दुखतं म्हणून फडकं घट्ट बांधून झोपायची. टोप धुवायला आली की तो वाळेपर्यंत पडद्याआड खुर्चीत बसून राहायची, कारण टोपाशिवाय घरी जाता येत नव्हतं. दुसरा टोप तिला लग्नाआधीच्या केसांसारखा हवा होता आणि तेव्हाचे फोटो तिच्या मेलमध्ये होते. ती कॉम्प्युटरशी बसली. मेल उघडताना नव्या ब्राउझरने एक चौकट पुढे केली. तिने मान वळवून विचारलं, ‘काका, हे काय विचारतंय?’

टोपवाल्याच्या तोंडात केसांची जुडी होती. ती न काढताच तो म्हणाला, ‘हो म्हणा, ताई. हो म्हटलं की पुढे सरकतं.’

तिने हो म्हटलं होतं.

संध्याकाळी टोपवाल्याने जावयाला बोलावून घेतलं. एरवी न बोलावता येणारा माणूस, बोलावल्यावर तर उडतच आला. कॉम्प्युटरपुढे बसला, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

‘बाबा, त्या बाईंनी मेलमध्ये जायच्या ऐवजी ब्राउझरच स्वतःच्या नावाने चालू केलाय. त्यांच्या घरी टॅबलेट आहे, त्यावरही हाच ब्राउझर, हेच नाव. मग दोन्ही जोडले जातात. एका टाकीला दोन नळ म्हणा ना. इथे तुम्ही जे शोधाल ते तिथे दिसतं, तिथलं इथे.’

‘मी शोधलेलं तिथे दिसतं?’

‘हो.’

टोपवाल्याने काय काय शोधलं होतं ते त्याच्या डोळ्यांपुढून जायला लागलं. ‘टक्कल पडलेल्या बायकांसाठी हलकी जाळी’. ‘टोप घामाने सरकू नये म्हणून काय लावावं’. ‘चकत्यांनी केस जाणं’. आणि आणखी एक, ते आठवलं तसा तो खुर्चीत चुळबुळला.

‘पण असं कोण ठेवतं?’ तो म्हणाला. ‘मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.’

‘सोयीसाठी असतं ते. माणसाने मागायच्या आधी हा आणून ठेवतो. पुढची पानंसुद्धा न सांगता आधीच उघडून ठेवतो, म्हणून तर मेमरी जास्त खातो. पण वेग बघा ना तुम्ही.’

‘बघितला. बातमी त्यांच्या घरी माझ्या आधी पोचली. न सांगता कामं करून ठेवणारा कारागीर माझ्या बापाने संध्याकाळच्या आत काढून टाकला असता.’

पडद्यामागून बायको बाहेर आली. आता ऐकलं नाही असं दाखवण्यात अर्थ नव्हता. ‘अहो, तुम्ही त्या मशीनला मूळव्याधीचं विचारलं होतंत ना?’

जावयाने अतिशय बारकाईने कीबोर्डवरची धूळ झटकली.

‘म्हणजे ते पण गेलं त्यांच्या स्वयंपाकघरात,’ बायको म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

टोपवाल्याला मात्र हसू येईना. ‘हे तोडता येतं?’

‘एका मिनिटात. पण तिथे गेलेलं तिथे राहणार. ते घालवायचं तर पुसावं लागेल, आणि पुसलं तर दोन्हीकडचं जाईल. त्यांचंही, मुलाचंही. करू?’

पुसावं, अगदी पाटी कोरी करावी, असं मन म्हणत होतं. पण दुसऱ्याच्या घरात शिरून त्यांच्या भिंतीवरचं पुसायचं? शिरलो तेवढं काय कमी झालं?

‘तोडा फक्त,’ तो म्हणाला. ‘पुसू नका.’

‘मग त्यांना कळवायला हवं. मेल उघडीच आहे त्यांची, त्यांच्याच मेलवरून त्यांना दोन ओळी लिहू?’

‘आणि त्या ओळी टॅबलेटवर आधी कोण वाचणार?’

जावयाने मान खाली घातली. मग दोन बटणं दाबली, गोल चित्र गेलं, आणि तो त्या दिवशी न जेवताच निघाला.

जोडणी तुटली, पण टोपवाल्याच्या जिवाला चैन पडेना. ‘केस खोटे आहेत हे कसं ओळखावं’ ही ओळ त्याच्या डोक्यात माशीसारखी फिरत होती. कुणी विचारलं असेल ते? नवऱ्याने? सासूने? विचारून झालं, आता ओळखायला बसले असतील. जेवताना तिच्या डोक्याकडे बघत असतील. आणि ती बिचारी निवांत, आपला भांग नीट आहे ना एवढंच आरशात बघत. तिची टोप धुवायची पाळी यायला अजून आठवडा होता. फोन करायचा नाही ही रीत, आणि नंबर ठेवायचा नाही ही त्याहून जुनी रीत. दुसऱ्या दिवशी तो कामाला बसला, उठला, पाणी प्यायला, बसला. ‘घाईत’च्या टोपावर त्याने सबंध तीन ओळी उलट्या दिशेने बसवल्या. पहिल्यांदाच झालं असं. त्या उसवायला अर्धा दिवस गेला.

‘केसाने गळा कापला मी त्या बाईचा,’ तो म्हणाला.

‘मग जा ना सांगायला,’ बायको म्हणाली. ‘कुठे काम करते ते ठाऊक आहे ना तुम्हाला?’

ठाऊक होतं. एकदा बाजारातून जाताना चष्म्याच्या दुकानाच्या काचेतून ती दिसली होती, कुणा म्हाताऱ्याच्या नाकावर चौकट बसवताना. रीतीप्रमाणे तो मान वळवून पुढे गेला होता.

‘मी कसा जाऊ? ओळख दाखवायची नसते.’

‘दाखवू नका. डोळे दाखवा. तसेही तुम्हाला सुईत केस दिसत नाही आताशा, मुंडकं कुठलं ते पण विचारता मला.’

तर टोपवाला चष्म्याच्या दुकानात गेला. ती काउंटरमागे होती. त्याला पाहताच तिचा हात थांबला, पण चेहरा हलला नाही. दुकानाचा मालक पलीकडे टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होता.

‘नंबर तपासायचाय,’ टोपवाला म्हणाला.

‘बसा.’

तिने त्याला उंच खुर्चीत बसवलं, हनुवटी धरून डोकं सरळ केलं, आणि तपासायची जड चौकट नाकावर ठेवून कानांमागे अडकवली. उभ्या आयुष्यात लोकांची डोकी याने हातात धरली होती. आपलं डोकं कुणाच्या हातात गेलं की किती एकटं वाटतं ते त्याला आज कळलं. समोर अक्षरांचा फळा होता.

‘वरून वाचा.’

तो दोन अक्षरं वाचून कुजबुजला, ‘ताई, घरातला टॅबलेट...’

‘पुढची ओळ,’ ती मोठ्याने म्हणाली. मग भिंग बदलण्यासाठी वाकली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, ‘कळलंय मला.’

‘कुणाला...’

‘सासूबाईंना. गुडघ्याचे व्यायाम बघतात त्या त्याच्यावर. आता कसं दिसतंय, आधी बरं होतं की आता?’

‘आधी,’ टोपवाला म्हणाला, आणि तेवढं त्याने अगदी मनापासून म्हटलं.

‘रोज त्यावर टक्कल, टोप, घाम. त्यांना आधी वाटलं नातू चाळे करतोय, त्याला ओरडा बसला. मग माझ्याकडे बघायला लागल्या. परवा मी भांडी घासत होते, मागून येऊन हळूच ओढून बघितलं.’ तिने दुसरं भिंग घातलं. ‘खालची ओळ.’

‘दिसत नाही.’

‘प्रयत्न करा.’

मालकाने पान उलटलं. ती पुन्हा वाकली. ‘रडल्या. मग विचारलं, तुला मूळव्याध पण आहे का, मला सांगायचं नाहीस होय. ते कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही.’

टोपवाल्याच्या कानाची पाळी गरम झाली. चौकट नाकावर होती ते बरं. ‘ते माझं,’ तो म्हणाला.

तिच्या ओठांचं टोक क्षणभर थरथरलं. हसू होतं की नाही ते त्याला त्या भिंगांतून नीट दिसलं नाही.

‘ताई, मी त्या दिवशी हो म्हणा म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. आता तोडलंय सगळं. पुसलं मात्र नाही.’

‘पुसू नकाच. ते माझ्या घरातलं आहे, माझं मी बघेन.’ तिने चौकट काढली, फडक्याने पुसली, एकदा, दोनदा, गरज नसताना तिसऱ्यांदा. ‘काका, मी सांगणार होते घरात. कधी ना कधी. रोज ठरवायची, आज नको, मुलाची परीक्षा होऊ दे, सासूबाईंची गुडघेदुखी उतरू दे. माझ्या वेळेला सांगणार होते. ती वेळ तुमच्या मशीनने घेतली. आता येता-जाता त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. मला ते नकोय. आणि मुलाला काही बोलल्या नाहीत अजून, पण तो घरात आला की माझ्याकडे बघतात, सांगतेस की सांगू अशा.’

काय हवं असेल ते भरून देता येईल असं काही हे नव्हतं. टोप फाटला तर शिवता येतो.

‘काय निघाला नंबर?’ मालकाने पलीकडून विचारलं.

‘वाढलाय,’ ती म्हणाली. ‘जवळचा.’

तो चष्मा सांगून बाहेर पडला आणि घराकडे जायच्या ऐवजी उगाच बाजारात चार चकरा मारून आला.

रविवारी जावई आला, या वेळी हातात फळं. म्हणाला, मी दुसरा ब्राउझर शोधलाय, हा काही ठेवत नाही, बंद केला की सगळं विसरतो, आणि मेमरीही कमी खातो. टोपवाल्याने ऐकून घेतलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो जावयाला म्हणाला, ‘बसवा. पण माझ्यापुढे बसवा, आणि तो जे जे विचारेल ते मला मोठ्याने वाचून दाखवा.’

जावई एकेक चौकट वाचत गेला. तुमचं ठिकाण कळलं तर चालेल का? नाही. पुढच्या वेळी लक्षात ठेवू का? नाही. सुधारणेसाठी तुमचा वापर पाठवू का? ‘कुणाच्या सुधारणेसाठी?’ टोपवाल्याने विचारलं. जावयाला सांगता येईना. नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘लग्नात मंडपात एवढं नाही म्हणाला असतात तर आज सुखी असतात.’ हा ब्राउझर जावयाच्या आधीच्या ब्राउझरएवढा भुर्रकन नव्हता, पण जुन्याइतका कपाळकरंटाही नव्हता. पंखा शांत झाला. जाळीवाल्याचं पान उघडलं. गिऱ्हाइकाने त्या यंत्राला हात लावायचा नाही, फोटो कागदावर छापून आणायचे, अशी आणखी एक रीत टोपवाल्याने बापाच्या रितींना जोडून टाकली. तरी जावई गेल्यावर तो ‘ग’ लिहून बघायचाच. काही येत नव्हतं. मग ‘के’ लिहायचा. मग उठायचा, बसायचा.

डाव्या भांगाची पाळी आली त्या दिवशी तो सकाळपासून दाराकडे बघत होता. येणार नाही असं त्याने धरून ठेवलं होतं. दुसरा टोपवाला तालुक्याच्या पलीकडे आहे, तिकडे जाईल. जावंच तिने. दुपारी दार ढकलून ती आत आली. डोक्याला साधा रुमाल बांधलेला, हातात पिशवी, पिशवीत टोप. असं उघडं या दुकानात तिला कधी यावं लागलं नव्हतं.

‘काल नवऱ्याला सांगितलं,’ ती उभ्या उभ्याच म्हणाली. ‘सासूबाई सांगायच्या आधी.’

टोपवाल्याने सुई खाली ठेवली.

‘बरं म्हणाला. मग बाहेर पडला, खूप वेळाने आला. मी रुमाल काढून दाखवलं तर बघितलं, आणि दिवा मालवला. सकाळी म्हणाला, चहा ठेव. बस. आता त्याच्या मनात काय आहे ते मी कुठल्या ब्राउझरला विचारू?’

पडद्याआडून भांड्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

‘बसा, ताई. वाळेपर्यंत...’

‘नाही बसत. आता कशाला बसायचं? उद्या नेते.’ तिने पिशवी टेबलावर ठेवली. दाराशी जाऊन वळली. ‘दुसरा टोप पण करा तुम्ही. फोटोतल्यासारखा. पण तुमच्यावरचा राग गेलेला नाही, काका. तो आहे.’

‘असू द्या,’ टोपवाला म्हणाला.

ती गेली. रस्त्यावरून जाताना तिने रुमालाची गाठ चाचपली, सोडली नाही, आणि कोपऱ्यावर वळली. टोपवाला दारातून परत टेबलाशी आला. मग पिशवीतून टोप काढला, आतली जाळी बोटांवर उलटी करून उजेडात धरली. कानामागे दोन गाठी सुटल्या होत्या, कुणीतरी ओढलं होतं तिथे. त्या त्याने सुईने पुन्हा मारल्या.

‘अगं, कोमट पाणी दे,’ त्याने आत हाक मारली. ‘फार गरम नको.’

बायकोने परात आणून ठेवली. त्याने पाण्यात हात घालून बघितला, थोडं गार ओतलं, आणि केस टोकाकडून मुळाकडे न चोळता, नुसते दाबत दाबत धुवायला लागला.